चाकू बाळगणारा माणूस

माझ्याकडे सात चाकू आहेत. हे वाक्य मराठीत म्हटलं की समोरचा माणूस जरा मागे सरकतो. सात घड्याळं आहेत म्हटलं तर तो विचारतो कुठली. सात चाकू म्हटलं तर विचारतो कशाला. आपल्याकडे चाकू स्वयंपाकघराबाहेर पडला की थेट पंचनाम्यात जातो. 'चाकूचा धाक दाखवून', 'चाकूने सपासप वार', 'आरोपीकडून खटक्याचा चाकू हस्तगत'. खिशात चाकू ठेवणारा साधा, निरुपद्रवी माणूस आपल्या भाषेतून जवळपास गेलेलाच आहे.

म्हणून आधी सांगून टाकतो. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे, तासगाव तालुक्यातल्या द्राक्षवाल्यांच्या घरातला, सांगलीत इंजिनिअरिंग केलेला. गेली काही वर्षं ड्युसेलडॉर्फमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी करतो. दिवसभर पेमेंट सिस्टीमचा बॅकएंड सांभाळतो. माझे सातही चाकू घडीचे, खिशात मावणारे आणि जर्मनीत बनलेले आहेत. सहा सोलिंगेनचे आणि एक रॉयटलिंगेनचा. सगळ्यात महागाची किंमतसुद्धा माझ्या हेडफोनपेक्षा कमी आहे. त्यांनी मी सफरचंद कापतो, पाव कापतो, पार्सलं फोडतो, कुंडीतल्या पुदिन्याची छाटणी करतो. आजवर त्यांनी काढलेलं सगळं रक्त माझंच आहे, आणि तेही थेंबभर.

*

सुरुवात ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर झाली. आमच्या टीममध्ये निवृत्तीला आलेले एक डेटाबेसवाले गृहस्थ होते. जर्मन लोकांचं दुपारचं खाणं पुष्कळदा थंडच असतं. पाव, चीज, सॉसेज, एखादं फळ. दक्षिणेकडे अशा खाण्याला 'फेस्पर' म्हणतात. हे गृहस्थ रोज जेवण झालं की पँटच्या खिशातून एक काळी, चपटी वस्तू काढायचे, दोन्ही हातांनी उघडायचे आणि सफरचंदाच्या चार फोडी करायचे. मधला बियांचा भाग एका फिरकीत काढायचे. मग पातं पुसून, मिटून, परत खिशात. या सगळ्यात त्यांचं बोलणं थांबायचं नाही. टेबलावरच्या कोणाला त्यात काही विशेष वाटायचं नाही. रुमाल काढून नाक पुसावं इतकं ते साधं होतं.

मला मात्र विशेष वाटायचं, कारण मला माझे आजोबा आठवायचे. त्यांच्या बंडीच्या खिशात असाच एक घडीचा चाकू असायचा. आठवडी बाजारातला, लाकडी मुठीचा. त्याने ते सुतळी तोडायचे, पेरू कापायचे, बैलाच्या गळ्यातली रुतलेली दोरी सोडवायचे, माझी पेन्सिल तासून द्यायचे. आजोबा गेल्यावर तो चाकू कुठे गेला कोणालाच माहीत नाही. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कधी खिशात चाकू ठेवला नाही. त्यांच्या खिशात मोबाइल आला.

एक दिवस मी त्या सहकाऱ्यांकडे चाकू बघायला मागितला. त्यांनी तो मिटून टेबलावर ठेवला, मग मी उचलला. हातातून हातात दिला नाही. माझी आईसुद्धा सुरी कधी हातात देत नाही. खाली ठेवते आणि म्हणते, घे. सात हजार किलोमीटरच्या अंतरावर दोन घरांत एकच रीत.

तो चाकू म्हणजे मर्केटर. जर्मनीतला बहुतेक सगळ्यात ओळखीचा खिशातला चाकू. त्याची मूठ म्हणजे लोखंडी पत्र्याची एकच घडी, वर काळा रंग. पत्र्यावर उडी मारणारं मांजर आणि 'के ५५ के' अशी अक्षरं. पातं नऊ सेंटिमीटरचं, कार्बन स्टीलचं. पाठीवर छोटी पट्टी असते, ती दाबल्याशिवाय उघडलेलं पातं मिटत नाही. लाकूड नाही, नक्षी नाही, स्क्रू नाही. मोजून चार-सहा भाग. इंजिनिअर माणसाला अशी गोष्ट बघितली की पोटात गुदगुल्या होतात. यातून आणखी काय काढता येईल, असा विचार केला तर उत्तर येतं, काहीच नाही.

पुढच्याच महिन्यात मी माझा मर्केटर घेतला. चाळीस-पन्नास युरोच्या घरात. दुसरा मिळाला शनिवारच्या जुन्या बाजारात. ड्युसेलडॉर्फमध्ये आखेनर प्लाट्झला दर शनिवारी जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो. तिथे एका टोपलीत गंजलेले चमचे, कॉर्कस्क्रू आणि चाव्यांमध्ये एक जुना मर्केटर पडला होता. रंग उडालेला, पातं घासून घासून अरुंद झालेलं. घरी आणून तेलाने साफ केला तेव्हा छापलेली अक्षरं दिसली. हाइनरिश काउफमान आणि मुलगे, इंडियावेर्क, सोलिंगेन. इंडियावेर्क म्हणजे 'इंडिया कारखाना'. सोलिंगेनचा माल जहाजांनी जगभर जायचा, आणि या कारखान्याची नजर कुठल्या बाजाराकडे होती ते त्याने नावातच लिहून ठेवलं होतं. माझ्या व्हिसावरही देशाच्या रकान्यात इंडियाच लिहिलेलं आहे. त्या दिवशी त्या गंजक्या पात्याशी माझं नातं जुळलं असं म्हणायला हरकत नाही.

*

आता थोडं पोलादाविषयी. कंटाळा आला तर पुढच्या भागावर जा, पण माझ्या मते खरी गंमत इथेच आहे.

आपल्या घरातल्या बहुतेक सुऱ्या स्टेनलेस असतात. त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, म्हणून त्या सहसा गंजत नाहीत. कार्बन स्टीलमध्ये क्रोमियम जवळपास नसतंच. लोखंड आणि अर्धा-पाऊण टक्का कार्बन, एवढाच मामला. अशा पात्याला धार पटकन लागते आणि फार बारीक लागते. पण ओलं ठेवलं तर रात्रीत गंज चढतो, आणि आंबट लागलं की काळं पडतं. तुमच्या आजीकडे जुनी लोखंडी विळी असेल तर हे तुम्ही पाहिलेलं आहे. विळीवर कैरी चिरली की पातं काळं पडतं आणि पहिल्या चार फोडींना लोखंडाचा वास येतो. रोज वापरत राहिलं की तो थर बसतो, घट्ट होतो, मग वासही येत नाही आणि गंजही सहजासहजी चढत नाही.

माझ्या मर्केटरचं पातं आता निळसर राखाडी झालंय. टोकाकडचा भाग सफरचंदांनी, मधला कांद्यांनी, आणि बुडाशी एक जांभळट डाग आहे तो गेल्या मे महिन्यातल्या हापूसचा. इथल्या भारतीय दुकानात मे महिन्यात पेट्या येतात, एका पेटीच्या किमतीत नवा चाकू येईल. कोणी हे पातं घासून चकचकीत केलं तर मला फार वाईट वाटेल. दोन वर्षांची माझी फळं त्यावर लिहिलेली आहेत.

धार लावणं मी इथेच शिकलो. गावाकडे धार लावणारा सायकलवर यायचा. मागचं चाक स्टँडवर उचलून, पॅडल मारत, दगडी चक्रावर ठिणग्या उडवायचा. आम्ही पोरं भोवती उभी. शिकलगार म्हणून एक जमातच आपल्याकडे या कामात पिढ्यान्‌पिढ्या आहे. आपण स्वतः धार लावायची असते हे मला कधी सुचलंच नव्हतं. आता रविवारी सकाळी मी निसणा पाण्यात भिजवतो. पातं दगडावर ठरावीक कोनात धरायचं आणि तो कोन शेवटपर्यंत सोडायचा नाही, एवढंच. एका बाजूने घासत गेलं की दुसऱ्या बाजूला धारेवर केसाएवढी बारीक कड उलटून येते. डोळ्याला दिसत नाही, अंगठ्याला लागते. ती लागली की बाजू बदलायची. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर उलटं ओढून ती कड काढून टाकायची. मग कागद धरला तर आवाज न करता कापला जातो.

माझ्या कामात असा कागद नसतो. मी दोन वर्षं राबून लिहिलेली एक सर्व्हिस मागच्या वर्षी एका मीटिंगमध्ये पंधरा मिनिटांत बंद करायचं ठरलं. निर्णय बरोबर होता, मीही हात वर केला. पण त्या दिवशी घरी येऊन मी तीन चाकूंना धार लावली.

*

सोलिंगेन माझ्या घरापासून लोकल गाडीने अर्ध्या तासावर आहे. दीड लाखावर वस्तीचं, डोंगरउतारावर पसरलेलं शहर. वरच्या विजेच्या तारांवर चालणाऱ्या ट्रॉलीबस तिथे अजून आहेत, जर्मनीत अशी शहरं तीनच उरलीत. २०१२पासून शहराच्या अधिकृत नावातच 'क्लिंगेनश्टाट' आलं, म्हणजे पात्यांचं शहर. ग्रेफराट नावाच्या जुन्या भागात एका मठाच्या इमारतीत पात्यांचं संग्रहालय आहे. तलवारी, वस्तरे, कात्र्या, काटे-चमचे. मी तिथे चारदा गेलोय. पण मला जास्त आवडते ती खाली वुपर नदी.

वुपर आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांच्या काठी पूर्वी ठिकठिकाणी घासायच्या गिरण्या होत्या. त्यांना तिथे 'कॉटन' म्हणतात. पाण्याने मोठं लाकडी चाक फिरायचं, त्यावर आतले वाळूच्या दगडाचे जातेच म्हणावेत असे प्रचंड दगड फिरायचे, आणि घासणारे कारागीर त्यांच्यासमोर बसून पाती घासायचे. बाल्कहाउझर कॉटन आणि विपरकॉटन या दोन जागा अजून बघायला मिळतात. आत गेलं की दमट, अंधारं, खिडकीतून येणारा पाण्याचा आवाज. चित्र म्हणून सुंदर. पण दगडाची धूळ फुप्फुसात जाऊन घासणारे तरुणपणीच खोकायला लागायचे, आणि फिरता दगड फुटला तर समोरचा माणूस वाचायची खात्री नसायची. सुंदर पात्यामागे ती फुप्फुसं आहेत हे तिथे उभं राहिल्यावर विसरता येत नाही.

एक चाकू एका माणसाने बनवायचा ही तिथली पद्धतच नव्हती. घडवणारा वेगळा, पोलाद कडक करणारा वेगळा, घासणारा वेगळा आणि मूठ बसवून सगळं जुळवणारा वेगळा. त्या शेवटच्याला 'रायडर' म्हणतात. प्रत्येकाचं काम पुष्कळदा आपापल्या घरी किंवा छोट्या शेडमध्ये चालायचं. मग अर्धवट माल एका घरातून दुसऱ्या घरात कोण नेणार? बायका. डोक्यावर पात्यांनी भरलेली टोपली घेऊन त्या चढउतार तुडवायच्या. त्यांना 'लीवरफ्राउएन' म्हणायचे, माल पोचवणाऱ्या बायका. आमच्याकडे द्राक्षाच्या पाट्या डोक्यावर घेऊन बांधावरून चालणाऱ्या बायका मी लहानपणापासून बघितल्या आहेत. चाकूच्या जाहिरातीत कारागिराचा हात दिसतो. ही टोपली कधी दिसत नाही.

आणि एक गोष्ट मला फार दिलासा देते. 'मेड इन जर्मनी' हा शिक्का जर्मनांनी अभिमानाने सुरू केलेला नाही. एकोणिसाव्या शतकात उत्तम चाकूंचं नाव इंग्लंडमधल्या शेफिल्डचं होतं, आणि सोलिंगेनचे काही कारखानदार आपल्या हलक्या मालावर शेफिल्डचा छाप मारून विकायचे. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या जागतिक प्रदर्शनात फ्रान्झ रॉयलो या जर्मन इंजिनिअरनेच आपल्या देशाच्या मालाला 'स्वस्त आणि भिकार' म्हटलं. १८८७मध्ये ब्रिटिशांनी कायदा केला की बाहेरच्या मालावर देशाचं नाव हवंच. गिऱ्हाइकाने सावध व्हावं म्हणून. पुढे त्याच शिक्क्यासाठी लोक जास्त पैसे मोजू लागले. १९३८मध्ये तर 'सोलिंगेन' या नावालाच कायद्याचं संरक्षण मिळालं. महत्त्वाची सगळी कामं त्या औद्योगिक भागात झाली असतील तरच पात्यावर ते नाव घालता येतं, आणि हा नियम आजही आहे. आपल्या सांगलीच्या बेदाण्याला जीआय मिळालं, त्याच जातीची ही गोष्ट. एखाद्या गावाच्या नावाची चोरी होऊ लागली की समजावं, गावाने काहीतरी कमावलंय.

*

माझा चौथा चाकू मी कधी खिशात ठेवत नाही. जुना शिकारी पद्धतीचा, शिंगाच्या मुठीचा. विकणारी आजी म्हणाली, हे शिंग तुमच्याकडचंच आहे. सोलिंगेनचे कारखाने अनेक दशकं मुठींसाठी भारतातल्या सांबराचं शिंग वापरत आले. युरोपातल्या हरणाच्या शिंगात मधे भुसभुशीत गर जास्त असतो, सांबराचं शिंग आतपर्यंत घट्ट. शिंगं दरवर्षी गळतात, ती गोळा करून विकली जायची. मग १९९०च्या दशकाच्या अखेरीस भारताने निर्यात बंद केली, कारण गळलेल्या शिंगांच्या आडून मारलेल्या सांबरांची शिंगंही जाऊ शकतात. माझ्या मते ठीकच केलं. आपल्याकडे जंगलात पडलेलं शिंग घरी उचलून आणायलाही परवानगी नाही. त्यामुळे हा चाकू मी भारतात नेणार नाही. कुठल्या तरी जंगलातला सांबर, जर्मनीत स्थायिक. त्याला परतीचा रस्ता नाही, मला आहे. एवढा फरक लक्षात राहावा म्हणून तो टेबलावर असतो.

*

२३ ऑगस्ट २०२४, शुक्रवार. सोलिंगेनला नगराचा दर्जा मिळून ६५० वर्षं झाली म्हणून शहरात तीन दिवसांचा उत्सव होता. रात्री भर चौकात, गाणं चालू असताना, एका माणसाने चाकूने लोकांवर हल्ला केला. तीन माणसं गेली, आठ जखमी झाली. हल्लेखोर सीरियातून आश्रय मागायला आलेला होता. पुढच्या वर्षी त्याला जन्मठेप झाली.

त्या रात्री मी घरीच होतो. फोनवर 'सोलिंगेन' आणि 'चाकू' हे दोन शब्द एकत्र आले. माझ्या फोनमध्ये ते नेहमीच एकत्र यायचे. सगळे व्हिडिओ, सगळ्या शोधलेल्या गोष्टी त्याच दोन शब्दांच्या. आता त्यांचा अर्थ बदलला होता. आईचा पहाटे फोन आला, "तू तिथं जातोस नव्हं, चाकू बघायला?"

त्या शहराच्या आठवणीत आणखी एक तारीख आहे. २९ मे १९९३. त्या रात्री नवनाझी विचारांच्या चार तरुणांनी एका तुर्की कुटुंबाचं घर पेटवलं. गेंच कुटुंबातल्या पाच मुली-बायका गेल्या. मेव्ल्यूदे गेंच या बाईंनी दोन मुली, दोन नाती आणि एक भाची गमावली, आणि तरी त्या २०२२मध्ये जाईपर्यंत लोकांनी एकमेकांशी जुळवून घ्यावं म्हणून बोलत राहिल्या. म्हणजे या एका छोट्या शहराने दोन्ही पाहिलंय. बाहेरून आलेल्याने केलेला खून आणि बाहेरून आलेल्यांचा खून. मी बाहेरून आलेला आहे, आणि माझ्या खिशात चाकू असतो.

ऑक्टोबरच्या अखेरीस कायदा कडक झाला. जत्रा-उत्सवांत आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांत चाकू बाळगायला बंदी आली. एका हाताने उघडून घट्ट बसणारे चाकू योग्य कारणाशिवाय जवळ बाळगायला २००८पासूनच मनाई होती. माझ्याकडे तसला एकही नाही, सगळे दोन हातांनी, सावकाश उघडणारे. कायद्याचं माझं काही म्हणणं नाही. ज्यांच्या घरातलं माणूस त्या चौकात गेलं त्यांना मी पोलादाचे प्रकार समजावून सांगणार नाही.

पण माझ्या सकाळी बदलल्या. आता घरातून निघताना मी चाव्या, पाकीट, फोन आणि मग चौथ्यांदा खिसा चाचपतो. चाकू नाही ना याची खात्री करायला. आमचे ते डेटाबेसवाले गृहस्थ अजूनही कधी कधी ऑफिसात येतात, अजूनही सफरचंद कापतात. ते सायकलने येतात, मी गाडीने. फरक तेवढाच आहे असं मी स्वतःला सांगतो. ते मला म्हणाले, "काप की तुझ्या चाकूने." मी म्हटलं, घरी ठेवलाय. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, आपला चाकू मिटला आणि टेबलावर माझ्यापुढे सरकवला. त्या दिवशी सफरचंद मी कापलं. आमच्यात त्या विषयावर एवढंच बोलणं झालं.

कोयत्याचं असंच झालं. मराठवाड्यातून ऊसतोडीला येणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाच्या वहीत 'वीस कोयते' लिहिलं तर चाळीस माणसं समजायची. एका हत्याराच्या नावात आख्खा संसार मोजला जातो. आणि आज पुण्यात कोयता म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती गॅंग. बारकी पोरं, गाड्यांच्या काचा, सीसीटीव्हीचं फुटेज. बीडच्या ज्या बाईचं पोट त्या लोखंडावर आहे, तिला हा शब्द आता शहरात जपून उच्चारावा लागत असेल. हत्यार तेच, वही बदलली. मुकादमाच्या वहीतून ते पोलिसांच्या वहीत गेलं.

*

सातवा चाकू माझा नाहीच. तो अण्णांचा.

द्राक्षाची बाग आता थेट लावत नाहीत. आधी डॉगरिजसारखा खुंट लावायचा, कारण तो खारं पाणी आणि कमी पाऊस सोसतो. मग ऑगस्ट-सप्टेंबरात त्यावर हव्या त्या जातीची डोळकाडी बसवायची. खुंट आडवा छाटायचा, मधे उभा चिरायचा, डोळकाडीचं बूड पाचरीसारखं दोन बाजूंनी तासायचं, चिरेत बसवायचं आणि पट्टीने घट्ट बांधायचं. सालीला साल भिडली तर डोळा फुटतो. तासलेला भाग आरशासारखा सपाट पाहिजे. जरा खड्डा पडला की मधे हवा राहते आणि काडी वाळते.

म्हणून कलमाच्या चाकूचं पातं एकाच बाजूने घासलेलं असतं. दुसरी बाजू सपाट, ती लाकडावर सरळ चालते. अडचण अशी की ते उजव्या हाताच्या माणसासाठी घासलेलं असतं. डावखुऱ्याने धरलं की पातं लाकडात घुसतं नाहीतर बाहेर निसटतं. अण्णा डावखुरे आहेत. लहानपणी शाळेत त्यांच्या डाव्या हातावर छड्या बसल्या, म्हणून ते लिहितात उजव्या हाताने. बाकी सगळं डाव्याने. डोळे भरायला ते आयुष्यभर दाढीचं ब्लेड वापरत आले. बोटांवर त्याच्या खुणा आहेत.

रॉयटलिंगेनमध्ये टीना नावाचा कारखाना आहे, १८५४पासूनचा. माळी आणि कलमवाल्यांचे चाकू बनवतो. त्यांच्याकडे डावखुऱ्यांसाठी उलटं घासलेलं पातं मिळतं. हे वाचलं तेव्हा मी ऑफिसात होतो, आणि मला बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही. साठ वर्षांच्या माणसाचा हात बरोबर आहे असं कोणीतरी, कुठेतरी, गृहीत धरलं होतं.

गेल्या वर्षी गणपतीला गेलो तेव्हा चेक-इन बॅगेतून नेला. अवकाळी पावसाने सलग दोन हंगाम मार दिल्यावर अण्णांनी जुनी बाग तोडली होती. भोवतालच्या कितीतरी जणांनी तोडल्या, आणि पुन्हा न लावायचं ठरवलं. अण्णांनी निम्म्या रानात परत खुंट लावले होते. का लावले ते मी विचारलं नाही. मी चाकू दिला तर म्हणाले, "कशाला आणलंस हे? ब्लेड दोन रुपयाला येतंय."

मी म्हटलं, जर्मनीत चाकू फुकट देत नाहीत, नातं तुटतं म्हणतात. घेणाऱ्याने एक नाणं द्यायचं. अण्णांनी सदऱ्याच्या खिशातून रुपया काढून माझ्या हातावर ठेवला आणि चाकू उघडला. अंगठा धारेवर आडवा फिरवला. मग पातं उलटं-सुलटं करून बघितलं. कुठली बाजू सपाट आहे ते त्यांच्या लक्षात आलेलं मला दिसलं. ते काही बोलले नाहीत. बांधावरची एक काडी उचलून त्यांनी तासली. एकच घाव, खालपर्यंत. तासलेला भाग उन्हाला धरून बघितला आणि काडी माझ्याकडे दिली, जणू ती मीच तपासून पास करायची होती.

मी परत आलो. तीन आठवड्यांनी व्हिडिओ कॉलवर अण्णांनी फोन उलटा करून रांगा दाखवल्या. पट्टीच्या वर हिरवे टिंब फुटले होते. किती जगले विचारलं तर म्हणाले, "मोजायचं नसतं, दृष्ट लागती." मग जरा थांबून, दुसऱ्याच कुणाचा विषय काढावा तसं विचारलं, "त्याच्यात उजव्या हाताचा बी असतो काय रं?"

"असतो की. कोणाला पाहिजे?"

"आपल्याकडं डोळे भराय येतोय त्या गड्याला. सारखा माझाच मागतोय."

मी किंमत सांगितली. सहा-सात हजार रुपये. पलीकडे बराच वेळ नुसता वाऱ्याचा आवाज येत राहिला.

"राहू दे मग," अण्णा म्हणाले. आणि फोन ठेवता ठेवता, "बघ, येताना जमलं तर आण. एक रुपया मी त्याच्याकडनं घीन."